अर्धा इंच

पिशवीत लोखंडी आकडी, बॅटरी,
जुन्या बनियनचा बोळा
आणि एक यंत्र, ज्यातनं बिल गरम बाहेर येतं.
आकडीनं झाकण उचलायचं,
आधी विंचू बघायचा, मग आकडा.
काचेवरचं शेवाळ पुसलं की
काट्याशेजारी एक बारकी चांदणी दिसते.
थेंब जरी गळत असला तरी ती फिरते.
तिला खोटं बोलता येत नाही,
माणसांचं तसं नाही.

बर्फ कारखान्यात मीटरच्या पाठीला
गोचिडीसारखं लोहचुंबक चिकटलेलं.
"पोरांचा खेळ असेल," मालक म्हणाले.
पोरं दोन्ही पुण्याला, शिकायला.
मी पंचनाम्यात लिहिलं: चुंबक, एक नग.

विश्रामबागेतलं मंगल कार्यालय
अठरा वर्षं झाली, घरगुतीच आहे.
एक कुटुंब, पंगतीला आठशे माणसं,
हात धुवायला बारा तोट्या.
चौगुले म्हणाले,
"आमच्यात प्रत्येक लग्न घरचंच समजतो, साहेब,"
आणि माझ्यापुढं मोतीचूर ठेवला.
खाल्ला मी. खोटं कशाला सांगू.
मग दर बदलला.

वॉशिंग सेंटरचा इमाम नदाफ
भिंतीवरची ऑइलपेंटची रेघ दाखवतो:
इथवर होती कृष्णा. पाच दिवस.
"ते कुणी मोजलं? ते वजा करा की ओ."
मला हसू आलं. त्याला आलं नाही.
यंत्रात बघितलं,
पुराला रकाना नाही.

दुपारी खणभागात.
बोर्ड नसलेली खानावळ,
जिन्याखाली चाळीस डबे पालथे वाळत घातलेले.
तक्रार आली होती, निनावी,
अक्षर मात्र ओळखीचं होतं, समोरच्याच भोजनालयाचं.

सुलभा आरवाडे. कणकेचे हात.
भिंतीवर कॅलेंडर,
रोजच्या तारखेखाली पेन्सिलीनं मीटरचा आकडा.
अख्ख्या वॉर्डात
स्वतःचं पाणी स्वतः वाचणारं हे एकच माणूस.

मी म्हटलं, अर्धा इंची कनेक्शन घरगुती आहे, ताई,
वापर धंद्याचा दिसतोय.
मला वाटलं, आता रडणं,
नाहीतर नगरसेवकाला फोन,
नाहीतर ते नेहमीचं:
लेकीचा भात पण त्याच पातेल्यात शिजतो,
त्यातली शितं कुठली धंद्याची, सांगा.
तयारी होती माझी.

ती म्हणाली, "लावा व्यावसायिक."
दर चौपट आहे, ताई.
"माहीत आहे. बँक म्हणते,
धंदा आहे याचा एक तरी सरकारी कागद आणा.
नऊ वर्षं झाली रांधते, कागद एक नाही.
लावा तुम्ही."

मग जरा थांबून,
"आणि पाणी पण व्यावसायिक सोडा.
पहाटे साडेतीनला, करंगळीएवढं नको."

त्यावर काय बोलणार?
आमच्या ऑफिसातलाच मीटर सहा वर्षं बंद आहे,
दर महिन्याला मीच लिहितो: सरासरी.

बटण दाबलं. कागद आला.
तिनं हात पुसले, पदराला, दोनदा.
वाचलं.
ग्राहक: बाबगोंडा नेमगोंडा आरवाडे.
वापर: व्यावसायिक.

"मामंजी," ती म्हणाली.
"जाऊन बारा वर्षं झाली त्यांना.
चहासुद्धा स्वतः केला नाही कधी."

नाव बदलायचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी,
वारसाची सही लागते, दिराची.
हे सगळं मी सांगितलं. तिनं ऐकलं.
मग का कोण जाणे,
खिशातलं पेन काढून
बाबगोंडांच्या खाली मी लिहिलं: सुलभा.

पेनानं लिहिलेलं कुठंच चालत नाही.
मला माहीत आहे, तिलाही माहीत होतं.
तिनं ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं
आणि विचारलं, "जेवलात का?"
मी म्हटलं, डबा आहे.

बाहेर आलो, झाकण लावायला वाकलो.
चांदणी फिरत होती.
आत कुणीतरी तांदूळ धूत होतं.